आमच्या वाचनालयाच्या नोंदवहीत रोज साठ वाचक होते: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण आमच्याच वाचनालयाचं आहे. गावाचं आणि माणसांची नावं देत नाही, ओळख पटू नये म्हणून आकडेही थोडे गोल केलेत, पण घडलं ते असंच घडलं. मी त्या वेळी कार्यवाह होतो. वार्षिक अहवालाचा फॉर्म भरायची वेळ आली की पोटात गोळा येतो अशी बरीच वाचनालयं असतील, त्यांच्यासाठी लिहितोय.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव, मंगळवारचा मोठा बाजार, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत वाचनालयाची दुमजली इमारत. खाली वर्तमानपत्रांची लांब टेबलं आणि देवघेवीचं काउंटर, वर अभ्यासिका, तिथे स्पर्धा परीक्षेची पोरं पहाटे सहापासून बसलेली असतात. ग्रंथपाल मॅडम, एक लिपिक आणि एक शिपाई एवढाच स्टाफ. वाचनालय ‘ब’ वर्गात.

ज्यांना हे वर्गाचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आहे आणि अनुदानाचे नियम १९७० चे, त्यानुसार वाचनालयांना अ, ब, क, ड असा दर्जा मिळतो आणि दर्जाप्रमाणे सरकारी अनुदान दोन हप्त्यांत येतं. दर्जा ठरतो तो वर्गणीदार सभासद किती, ग्रंथ किती, वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं किती येतात, वाचनालय किती तास उघडं असतं अशा गोष्टींवर. आलेल्या अनुदानातला मोठा हिस्सा पगारात जातो आणि तो पगार म्हणजे काय असतो हे यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे दर्जा घसरला तर पहिली झळ मॅडमना आणि शिपायाला बसते, कार्यकारिणीला नाही. पुढे जे सगळं झालं त्याच्या मुळाशी ही भीती होती, म्हणून आधीच सांगितलं.

आणि २०१२ साली महसूल खात्याच्या लोकांनी राज्यभर वाचनालयांची पडताळणी केली होती ती अजून सगळ्यांच्या डोक्यात बसलेली आहे. तपासणी म्हणलं की लोक नोंदवह्या नीटनेटक्या करायला बसतात, त्या खऱ्या आहेत का हा प्रश्न मागे पडतो.

अडचण कशी लक्षात आली

एप्रिलमध्ये अहवाल भरायला बसलो होतो. वाचनकक्षाच्या नोंदवहीत रोजची वाचकसंख्या असते, ती मी महिन्यावार बेरीज करत होतो आणि बेरीज करता करता जाणवायला लागलं की रोज साठ, एकसष्ट, एकोणसाठ, बासष्ट असंच चाललंय. रविवारी तेवढंच, बाजारच्या दिवशी तेवढंच. मग जुलैचं पान आलं. त्या पावसाळ्यात पुलावर पाणी आलं होतं, दोन दिवस वाचनालयाचं कुलूपच निघालं नव्हतं, मी स्वतः गावात होतो त्यामुळे मला पक्कं आठवत होतं. त्या दोन्ही दिवशी नोंदवहीत साठ वाचक.

मॅडमना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. “सर, महिन्याच्या शेवटी एकदम भरते मी. पेपर वाचायला येणारा माणूस सही करायला थांबत नाही, काउंटरवर मी एकटी, देवघेव बघू का दारात उभी राहू? आधीच्या ग्रंथपालांनी पण असंच भरलंय, मला दाखवलंच असं.” मी मागची वही काढली. खरंच होतं, त्यात रोज पंचावन्न.

मला राग नाही आला, लाज वाटली, कारण त्या वहीवर दर महिन्याला कार्यवाह म्हणून माझी सही होती.

मग बाकीच्या वह्या उघडल्या. सभासद नोंदवहीत आमचा आकडा ‘ब’ वर्गाला लागतो त्याच्या दोन-चार वर, पण त्यातले तिसेक लोक असे की दोन वारलेले, काही पुण्याला मुलाकडे गेलेले, काहींनी पाच-सहा वर्षांत पुस्तकाला हात लावलेला नाही. त्यांची वर्गणी कोण भरत होतं? आम्हीच, कार्यकारिणीतले, मार्च महिन्यात खिशातून. वाचनालय टिकावं म्हणून चाललं होतं हे खरं, पण सभासद म्हणून खरं नव्हतं.

तिसरी गोष्ट ग्रंथसंख्येची. अहवालात आम्ही ‘एकूण ग्रंथ’ म्हणून जो आकडा देत होतो तो दाखल नोंदवहीतला, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन लिहितात त्या वहीतला, शेवटचा दाखल क्रमांक होता. हरवलेली, वाळवीने खाल्लेली, सभासदाने परतच न केलेली पुस्तकं त्यातून कधी वजाच झाली नव्हती. ही चूक फार ठिकाणी असणार असं मला वाटतं, कारण ती चूक वाटतच नाही, वहीत क्रमांक तर लिहिलेला असतो.

आणि सगळ्यात विचित्र म्हणजे वरच्या अभ्यासिकेतली पोरं, जी दहा-दहा तास बसतात, ती आमच्या एकाही आकड्यात नव्हती. त्यांची फी वेगळ्या पावतीपुस्तकात, ती सभासद नाहीत, पुस्तक नेत नाहीत, पेपरच्या टेबलावर येत नाहीत. जे येत नव्हते ते वहीत आणि जे येत होते ते वहीबाहेर.

कोणते पर्याय समोर होते

कार्यकारिणीची मीटिंग लावली. अध्यक्ष अण्णा निवृत्त हेडमास्तर, त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: “जिल्ह्याला काहीही लिहून कळवू नका, आधी आपल्या घरात काय आहे ते बघा.” खजिनदार म्हणाले की दरवर्षी थोडं थोडं कमी दाखवत खऱ्या आकड्यावर येऊ, म्हणजे कुणाच्या डोळ्यावर येणार नाही. एक तरुण सदस्य होता, त्याला ई-ग्रंथालय हे ग्रंथालयांचं सॉफ्टवेअर टाकायचं होतं, सगळं कॉम्प्युटरवर गेलं की प्रश्नच मिटला असं त्याचं मत. आणि एक सदस्य सरळ म्हणाले, चाललंय ते चालू द्या, सगळीकडे असंच आहे.

खजिनदारांचा मार्ग मला सुरुवातीला पटला होता हे कबूल करतो. पण त्यात पुढची चार वर्षं आपण मुद्दाम ठरवून खोटा आकडा लिहायचा असं होत होतं, आधी निदान नकळत तरी चाललेलं. कॉम्प्युटरचं म्हणाल तर ते चांगलंच आहे, पण दारातून आत आलेला आणि पेपर वाचून गेलेला माणूस सॉफ्टवेअरला दिसत नाही, तो माणसालाच मोजावा लागतो. आणि चुकीची ग्रंथसंख्या कॉम्प्युटरवर चढवली तर ती छापील चुकीची ग्रंथसंख्या होते.

शेवटी ठरलं ते असं: आधी फक्त आपल्यासाठी खरं मोजायचं, आणि पुढच्या अहवालात जो येईल तो आकडा लिहायचा. मीटिंगच्या इतिवृत्तात तसं लिहून घेतलं. हे लिहून घेणं महत्त्वाचं ठरलं, कारण फेब्रुवारीत जेव्हा सगळ्यांची हिंमत ढासळली तेव्हा परत मागे फिरायला ठरावच आड आला.

मोजायचं कसं

रोज वर्षभर मोजणं तीन माणसांच्या स्टाफला शक्य नाही, ते करायला गेलं की परत महिन्याच्या शेवटी एकदम भरलं जाणार. माझी पुतणी अमेरिकेत असते, मुलांना घेऊन तिथल्या लायब्ररीत जाते, तिला म्हणलं विचार बाई ते कसं मोजतात. तिकडे १९८८ पासून दरवर्षी देशभरच्या सार्वजनिक लायब्रऱ्यांचे आकडे गोळा होतात, आणि ज्यांच्या दाराला मोजणीचं यंत्र नाही त्या लायब्रऱ्या एक नेहमीसारखा आठवडा निवडून नीट मोजतात आणि त्यावरून वर्षाचा अंदाज काढतात. आणि तो अंदाज आहे असं उघड सांगतात. हे ऐकून मला फार हलकं वाटलं. आम्ही वर्षभराचं खोटं लिहीत होतो, त्यापेक्षा दोन आठवड्यांचं खरं कितीतरी चांगलं.

आम्ही दोन आठवडे ठरवले, एक ऑगस्टच्या सुरुवातीला आणि एक जानेवारीत. गणपती नको, दिवाळी नको, शाळांच्या परीक्षा नकोत, पण आठवडा पूर्ण सात दिवसांचा हवा, कारण बाजारचा मंगळवार आणि रविवार दोन्ही त्यात आले पाहिजेत.

मग प्रत्येक शब्दाचा अर्थ ठरवायला बसलो, आणि हे काम मला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. आत येणारा मोजायचा की बाहेर जाणारा? आत येणारा. एकच माणूस सकाळी पेपरला आला आणि संध्याकाळी पुस्तक बदलायला आला तर? दोन भेटी. अभ्यासिकेतला मुलगा चहाला खाली जाऊन परत आला तर? त्याला परत मोजायचं नाही, नाहीतर चहाच्या टपरीमुळे आमची वाचकसंख्या दुप्पट होईल. म्हणून अभ्यासिकेत दर दोन तासांनी वर जाऊन फक्त बसलेली डोकी मोजायची, आणि तो आकडा वेगळाच ठेवायचा, भेटींमध्ये मिसळायचा नाही.

देवघेवीत मुदत वाढवून घेतलेलं पुस्तक परत मोजायचं का? आम्ही वेगळ्या रकान्यात टाकलं. मासिकं वेगळी. आणि दिवाळी अंक! आमच्याकडे दिवाळी अंक योजनेची वेगळी फी असते, चाळीस-पन्नास लोक फक्त तेवढ्या तीन महिन्यांसाठी येतात, भरपूर अंक नेतात आणि मग पुढच्या दिवाळीपर्यंत दिसत नाहीत. ते सभासद का? खजिनदार म्हणाले, घ्या ना धरून, आकडा वाढेल. मॅडम नको म्हणाल्या. बराच वेळ वाद झाला आणि शेवटी त्यांचाही रकाना वेगळा झाला.

आणखी एक गोष्ट उपयोगी पडली. ग्रंथालयांच्या आकडेवारीचं आयएसओ २७८९ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात सक्रिय वाचक म्हणजे वर्षभरात निदान एकदा पुस्तक नेलेला नोंदणीकृत माणूस, अशी साधी व्याख्या आहे. आम्ही ती उचलली. वहीतले सभासद किती आणि त्यातले सक्रिय किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की फरक किती आहे तो आपोआप दिसतो.

हे सगळं एका पानावर लिहून काउंटरच्या काचेखाली लावलं. मोजणीसाठी मॅडमनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे तासातासाचे चौकोन आखले, माणूस आला की उभी रेघ, पाचवी आडवी. बाई, पुरुष, मुलं अशा तीन ओळी. बस, एवढंच साधन.

एक भर मात्र शिपायाने सुचवली आणि तीच सगळ्यात मोलाची निघाली. तो म्हणाला, “आत येणाऱ्यांचं मोजताय, पण कुलूप बघून परत जाणाऱ्यांचं काय?” आमचं वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ, मधे बंद, वरच्या अभ्यासिकेला मागचा जिना आहे. समोरच्या चहाच्या टपरीवाल्या काकांना विनंती केली, त्यांनी तो आठवडाभर दाराशी येऊन परत गेलेल्यांच्या रेघा एका वहीच्या पानावर ओढल्या. आणि काउंटरवर एक वेगळी वही ठेवली, मागितलं पण मिळालं नाही अशा पुस्तकांची.

काय दिसलं

पेपरच्या टेबलावर आणि काउंटरवर मिळून दिवसाला चाळीसच्या आसपास भेटी. साठ कधीच नाही, मंगळवार सोडून. अभ्यासिकेत गर्दीच्या वेळी पंचेचाळीस पोरं, म्हणजे जागा संपलेली, दोघं जिन्यात बसलेले. बायका येतात त्या जवळपास सगळ्या संध्याकाळी पाच ते साडेसहामध्ये, त्यानंतर एखादी. हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण वहीत फक्त ‘वाचक’ असा एकच रकाना होता.

टपरीवाल्या काकांचं पान बघून अण्णा बराच वेळ गप्प बसले. मंगळवारी दुपारी बारा ते तीनमध्ये बावीस जण कुलूप बघून परत गेले होते. काकांनी स्वतःहून शेजारी लिहिलं होतं, “बाया जास्त, पिशवीत पुस्तक.” आजूबाजूच्या गावांतून बाजाराला येणारी माणसं, पुस्तक बदलायला घेऊन आलेली, एसटीच्या वेळेमुळे पाचपर्यंत थांबू शकत नाहीत. किती वर्षं ती पुस्तकं तशीच परत घरी जात होती कोणास ठाऊक. उशिरा परत केल्याचा दंड आम्ही त्यांनाच लावत होतो.

न मिळालेल्यांच्या वहीत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं असणार हे अपेक्षितच होतं, पण त्याखालोखाल डाळिंबावरच्या तेल्या रोगाचं पुस्तक तीन वेगवेगळ्या लोकांनी मागितलेलं. आमच्या शेती विभागातली बहुतेक पुस्तकं तीस वर्षांपूर्वीची.

पुस्तकांची पडताळणी मे महिन्यात सुट्टीवर आलेल्या कॉलेजच्या मुलांना घेऊन केली. कपाटामागून कपाट, दाखल क्रमांक वाचायचा, वहीत टिक करायची. त्याचबरोबर प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या तारीखपट्टीवरची शेवटची तारीख टिपली. यासाठी कॉम्प्युटर लागत नाही, पुस्तक शेवटचं कधी गेलं ते पुस्तकावरच लिहिलेलं असतं. दहा वर्षांत एकदाही न हललेली पुस्तकं निम्म्याच्या जवळ निघाली. मॅडमनी ग्रंथपालनाच्या कोर्सला शिकलेलं, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचं पहिलं सूत्र म्हणून दाखवलं, ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. १९३१ साली मांडलेलं, आणि आमच्या कपाटांपुढे उभं राहून ऐकताना ते फार जवळचं वाटलं.

काय केलं

मंगळवारी दुपारी बारा ते तीन वाचनालय उघडं ठेवायला लागलो, बदल्यात सकाळचे दोन तास कमी केले कारण मोजणीत मंगळवारी सकाळी जेमतेम सात-आठ माणसं दिसली होती. रोजचे ठरलेले तास भरतात की नाही ते आधी तपासून घेतलं. हा निर्णय दहा मिनिटांत झाला, कुणी वादच घातला नाही. टपरीवाल्याचं पान समोर होतं.

सभासदांचं प्रकरण असं सोपं नव्हतं. ठरल्याप्रमाणे कागदावरचे सभासद कमी केले तर आकडा किमान मर्यादेच्या खाली जाणार होता. खजिनदार म्हणाले, अभ्यासिकेच्या पोरांच्या फीच्या पावत्या सभासद वर्गणीच्या करून टाका, पंचेचाळीस सभासद एका दिवसात. पोरं खरी आहेत, पैसे खरे आहेत, खोटं काय त्यात?

मला उत्तर सुचलं नाही. मॅडम म्हणाल्या, “ते पुस्तक नेत नाहीत ना, मग दोन वर्षांनी सर परत हीच वही उघडतील आणि परत हेच म्हणतील.” त्यावरून मधला मार्ग निघाला. पोरांना सभासद व्हायचं असेल तर स्वतः अर्ज आणि अनामत भरायची, आणि त्यांना खरोखर उपयोगी पडेल असं काहीतरी द्यायचं. संदर्भ विभागातली परीक्षेची जाड पुस्तकं रात्री आठला न्यायची, सकाळी आठला परत आणायची, अशी सोय फक्त सभासदांना दिली. एकोणीस जण सभासद झाले. काही जण दुसऱ्या महिन्यापासून कादंबऱ्याही न्यायला लागले, हे मॅडमनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

तरी आकडा पुरत नव्हता. फेब्रुवारीत अकरा सभासद कमी पडत होते आणि त्या मीटिंगमध्ये पुन्हा एकदा “या वर्षी भरून टाकू खिशातून” असं निघालं. ठराव होता म्हणून थांबलो. मग मंगळवारच्या बाजारात टेबल टाकून बसलो, अण्णा सुद्धा, भर उन्हात, आणि दुपारी पुस्तक बदलायला येणाऱ्या बायकांनीच आपापल्या गावातल्या शेजारणी आणल्या. ३१ मार्चला मर्यादेच्या वर तीन सभासद होतो, सगळे स्वतःच्या पैशांचे.

परिणाम

अहवालात वाचकसंख्या एकदम खाली आली, ग्रंथसंख्याही खाली आली. जिल्ह्याच्या कार्यालयाकडून खुलासा मागवणारं पत्र आलं. मॅडमना दोन दिवस झोप नव्हती. आम्ही मोजणीची कॅलेंडरं, काचेखालचं व्याख्यांचं पान, पडताळणीची यादी आणि इतिवृत्ताची प्रत घेऊन गेलो. अधिकाऱ्यांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं की दर्जासाठी लागणारे सभासद, ग्रंथ, पेपर पुरे आहेत ना. होते. दर्जा राहिला. ज्या आकड्याला आम्ही इतकी वर्षं जपत होतो, ती रोजच्या साठ वाचकांची ओळ, तिच्यावर दर्जा अवलंबूनच नव्हता. हे नियम वाचून आधीच कळलं असतं.

पुस्तकखरेदीत शेतीचा वाटा वाढवला आणि न मिळालेल्यांच्या वहीवरून यादी करायला लागलो. अभ्यासिकेतल्या दोन तासांच्या मोजणीचा तक्ता घेऊन नगरपरिषदेकडे शेजारची खोली मागितली आहे, ती अजून मिळालेली नाही.

आज परत करायचं झालं तर

पहिलं म्हणजे, नोंदवहीतली गडबड मी भर मीटिंगमध्ये मांडली तेव्हा मॅडमना आधी सांगितलं नव्हतं की मी ती मांडणार आहे. गावात दोन दिवसांत “ग्रंथपालबाईंनी खोटे आकडे भरले” असं पसरलं. सही माझी होती, जबाबदारी माझी होती, आणि बोल त्यांना लागला. मी नंतर माफी मागितली, त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिलं, पण लिपिक बरेच दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हता. आधी स्टाफबरोबर बसायला हवं होतं, मग कार्यकारिणी.

दुसरं, तारीखपट्टीच्या आकड्यावर आम्ही जरा जास्तच विसंबलो. न हललेल्या पुस्तकांतून बाद करण्यासाठी यादी केली, त्यात गावातल्या जुन्या शाळेची एक स्मरणिका होती, शेवटची तारीख १९८७. एका आजोबांनी ती यादीत बघितली आणि काठी टेकत वाचनालयात आले. तिची दुसरी प्रत कुठेच नाही, आणि गावच्या जुन्या घरांचे फोटो फक्त तिच्यात आहेत. वर्षानुवर्षं कुणी नेली नाही म्हणून ती निरुपयोगी होत नव्हती. आता गावाबद्दलचं, तालुक्याबद्दलचं काहीही असेल तर त्याला देवघेवीचा नियम लावायचा नाही असं ठरलंय. बाद करायच्या बाकीच्या पुस्तकांची परवानगीची कागदपत्रं अजून चालू आहेत, ती मागच्या खोलीत बांधून ठेवलीत.

तिसरं, ऑगस्टचा आठवडा पावसाचा होता. त्यावर वर्षाचा अंदाज बांधताना आकडा थोडा कमी आला असावा. जानेवारीचा जोडल्यावर सुधारला, पण एप्रिल-मे मोजलेच नव्हते, आणि शाळेच्या सुट्टीत मुलांच्या कपाटापुढे जी झुंबड असते ती आमच्या एकाही कागदावर नाही. या वर्षी तिसरा आठवडा मेमध्ये घेतोय. मॅडमनी कॅलेंडरं आखून ठेवलीत, मुलांची ओळ या वेळी वरती घेतलीय, आणि टपरीवाल्या काकांनी स्वतःच विचारलं की यंदा त्यांचं पान कधीपासून सुरू करायचं.